सांध्यांतला काळा रंग: मळ की बुरशी?

पाऊस ओसरला की कोकणात घरोघरी न्हाणीघराच्या आणि पडवीच्या लाद्या घासायला काढतात. या वेळी आलेल्या पत्रांत त्याचेच प्रश्न जास्त होते, म्हणून संपूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न (रत्नागिरी): चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात टाइल्स बसवल्या. सांध्यांत व्हाईट सिमेंट भरलं आहे. ते काळं पडतं म्हणून दर पंधरा दिवसांनी कमोड धुवायचं लिक्विड टाकून घासतो. पूर्वी लगेच पांढरं व्हायचं. आता सांधे खोल गेलेत आणि काळेपणा आठ दिवसांत परत येतो. याहून जोरदार काही मिळेल का?

उत्तर: जोरदार काही आणू नका, आणि हातातलं लिक्विडही आजपासून लाद्यांवर टाकू नका. त्या बाटलीच्या लेबलवर हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं असतं. टाइलच्या चकाकीला ते फारसं काही करत नाही, कारण तो थर काचेसारखा असतो. सांधा मात्र सिमेंटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा. ॲसिड पडल्यावर जो फेस येतो तो मळाचा नसतो, सांधा विरघळत असल्याचा असतो. वरचा पापुद्रा मळासकट निघून जातो आणि खालचं कोरं सिमेंट उघडं पडतं, म्हणून सांधा लख्ख पांढरा दिसतो. दर पंधरा दिवसांनी असा एक पापुद्रा गेला की सांधा खोल आणि खरबरीत होतो. खरबरीत खाचेत साबण, अंगाचा मळ आणि ओल अडकून बसते आणि बुरशीला आयती जागा मिळते. शिवाय या रासायनिक क्रियेत जे क्षार तयार होतात ते हवेतली ओल ओढून घेतात. नीट धुतलं नाही तर सांधा वाळतच नाही. समुद्राजवळच्या हवेत नळ आणि दाराच्या बिजागऱ्या आधीच गंजायला टेकलेल्या असतात. ॲसिडच्या वाफेने त्यांचं आयुष्य आणखी कमी होतं.

आता काळेपणा कशाचा ते पाहा. कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच घ्या आणि त्याचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळा. कानकोरण्याने एक थेंब काळ्या सांध्यावर ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत रंग फिका झाला तर ती बुरशी. तसाच राहिला तर साबणाचा आणि तेलाचा मळ. बहुतेक घरांत दोन्ही एकावर एक असतात, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्या दिवशी फक्त मळ काढा. एक लिटर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे आणि भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा. हे सांध्यांवर ओतून दहा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने किंवा जुन्या टूथब्रशने घासा आणि काळं पाणी लगेच वायपरने मोरीकडे ओढून घ्या. ते तिथेच वाळू दिलं तर मळ परत सांध्यात बसतो. तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक कण सांध्यात अडकतात आणि गंजून तांबडे ठिपके उमटतात. सोडा ॲल्युमिनियमच्या खिडकीवर किंवा दाराच्या चौकटीवर उडू देऊ नका, ती काळवंडते.

दुसऱ्या दिवशी, सगळं स्वच्छ धुऊन वाळल्यावर, वर सांगितलेलं एकास नऊचं ब्लीच लावा. भिंतीवर ते ओघळून जातं, म्हणून कापसाच्या वाती त्यात भिजवून सांध्यावर चिकटवा. दहा मिनिटांनी काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत. साबणाचा थर असतानाच ब्लीच लावलं तर त्याची ताकद त्या मळातच खर्ची पडते आणि बुरशी तशीच राहते. ‘ब्लीच लावूनही काही झालं नाही’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच. दुसरं कारण म्हणजे जुनी बाटली. उष्ण हवेत ब्लीच लवकर उतरतं, आणि पातळ केलेलं तर दुसऱ्या दिवसापुरतंही ठेवू नये.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही समजावून सांगा: ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. कमोडमध्ये ॲसिड पडलेलं असताना बाजूच्या लादीवर ब्लीच ओतणं हाही तोच धोका. घसा जळजळला, डोळ्यांत पाणी आलं तर बादली तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. दम लागत राहिला तर दवाखाना गाठा.

तुमचे सांधे खोल गेले आहेत, तेव्हा एवढ्याने रंग सुधारेल पण खाच भरून येणार नाही. नख सांध्यात अडकत असेल तर सांधा पुन्हा भरून घ्या. मिस्त्रीला जुनं सिमेंट किमान 3 मिलिमीटर खोल खरवडायला सांगा. वरून नुसता पातळ लेप दिला तर सहा महिन्यांत पापुद्रा सुटतो. भिंतीला पॉलिमर ग्राउट, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सांधे भरायचा सिमेंटचा मसाला, पुरतं. खालच्या लादीला, जिथे रोज पाणी साचतं, तिथे इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचं, ग्राउट महाग पडलं तरी घ्याच. ते पाणी पीत नाही. ते मिसळल्यावर लवकर आवळतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर, म्हणून थोडं थोडं कालवायला सांगा आणि टाइलवर पसरलेलं लगेच पुसून घ्यायला लावा. सिमेंटच्या जातीचं ग्राउट असेल तर पाणी मोजून घालायला लावा. पातळ केलेलं ग्राउट भरायला सोपं जातं, पण वाळल्यावर भुसभुशीत होतं.

प्रश्न (दापोली): पडवीत फिकट रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. पावसात पायाबरोबर तांबडी माती येते आणि बोअरच्या पाण्यानेही पिवळे-तपकिरी डाग पडतात. ब्लिचिंग पावडर टाकून पाहिली, डाग उलट गडद झाले.

उत्तर: आपल्या मातीचा तांबडा रंग लोखंडाचा आहे. बोअरच्या पाण्यातही बहुधा तेच लोखंड विरघळलेलं असतं, हवा लागली की त्याचा गंज होतो. ब्लिचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, हे काम आणखी जोरात करते, म्हणून डाग गडद झाले.

आधी सुकी माती सुक्या झाडूने काढा. मातीवर थेट पाणी ओतलं तर चिखल सांध्यांत जातो. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. एवढ्याने निम्मं काम होतं. उरलेल्या गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. मोझेकला पॉलिश करणारे मिस्त्री जी पांढरी पावडर वापरतात तीच ही, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एक लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम. सांधा आधी साध्या पाण्याने ओला करा, म्हणजे तो ॲसिड आत ओढणार नाही. मग फक्त डागापुरतं लावा, पाच ते दहा मिनिटांनी ब्रश फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. शेवटच्या बादलीत चमचाभर खाण्याचा सोडा टाका, म्हणजे उरलंसुरलं ॲसिड मरेल. पावडर दिसायला साखरेसारखी आणि विषारी आहे. स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि धुतलेलं पाणी गुरंढोरं पितात अशा डबक्यात जाऊ देऊ नका. आदल्या ब्लिचिंग पावडरचा अंशही लादीवर असता कामा नये. आधी दोनदा धुवा, एक दिवस जाऊ द्या.

पडवीच्या पायरीशी काथ्याचं जाड पायपुसणं आणि पाय धुवायला नळ ठेवलात तर हा प्रसंग वर्षातून एकदाच येईल.

प्रश्न (मालवण): मासे तळताना उडालेल्या तेलाने ओट्यामागच्या टाइल्स चिकट झाल्यात. एका ठिकाणी हळदीचा डाग होता. धुण्याचा सोडा लावल्यावर तो लालभडक झाला. सांधा खराब झाला का? आणि कडप्प्याच्या ओट्यावर आगळ सांडून पांढुरके डाग पडलेत, ते कशाने जातील?

उत्तर: घाबरू नका, सांध्याला काही झालेलं नाही. हळदीचा रंग सोड्यासारख्या क्षारात लाल होतो. साध्या पाण्याने धुतलं की परत पिवळा होईल. पिवळा डाग काढायला औषधाच्या दुकानातलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खाण्याचा सोडा यांची दाट पेस्ट करून सांध्यावर थापा. वर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून दोन-तीन तास ठेवा. सकाळचं ऊन त्या भिंतीवर येत असेल तर डाग आपणच फिका होत जाईल. हळद उन्हात टिकत नाही.

तेलाला सोडाच योग्य. रत्नागिरीच्या उत्तरातलं प्रमाण घ्या, पाणी मात्र चांगलं गरम हवं. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि जुनं तळणीचं तेल टाइलवर डिंकासारखं घट्ट होतं. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं टाइलवर चिकटवून ठेवलं की घासायला जोर लागत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर तेलाला उपयोगाचं नाही.

कडप्प्याचं सांगताना वाईट वाटतं, पण ते डाग नाहीत. कडप्पा हा चुनखडीचा दगड. आगळ, कोकम, चिंच, लिंबू, ताक, काहीही आंबट त्यावर थांबलं की पॉलिश खाल्लं जातं. बोट फिरवलंत तर तिथे किंचित खडबडीत लागेल. खाल्लेला दगड कोणत्याही क्लीनरने भरून येत नाही. पॉलिशवाल्याकडून तेवढा भाग बारीक दगडाने घासून घेणं हा उपाय. तोवर खोबरेल तेलाचा हात फिरवला तर पांढुरकेपणा काही दिवस झाकला जातो. पुढे आगळाची बरणी ताटलीत ठेवा आणि सांडलं की त्याच क्षणी पुसा. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर, जुन्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आणि मोझेक या सगळ्यांना हाच नियम: आंबट किंवा ॲसिड लावायचं नाही. रोजच्याला कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात.

प्रश्न (अलिबाग): व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावला की फेस येतो. त्याने सांधे खरोखर स्वच्छ होतात का?

उत्तर: नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरतं. फेसाने थोडा मळ हलतो, तेवढंच. सोडा एकटा वापरा. व्हिनेगर फक्त टाइलवरच्या आणि नळाभोवतीच्या पांढऱ्या क्षारांसाठी ठेवा. तिथे लिंबूसत्त्व आणखी बरं: एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम, पाच मिनिटं, मग धुवा. सिमेंटचे सांधे आधी ओले करून घ्या आणि हा प्रयोग दोन-तीन महिन्यांतून एकदाच करा.

प्रश्न (वेंगुर्ला): तळमजल्याच्या खोलीत सांध्यांवर पांढरी भुकटी येते. पुसली की आठवड्यात परत. ही बुरशी आहे का? घराला सेप्टिक टँक आहे, विहीरही जवळ आहे, त्यामुळे ब्लीच वापरायची भीती वाटते.

उत्तर: हा लोणा आहे. जमिनीतली ओल वर चढते, वाळूतले आणि सिमेंटमधले क्षार बरोबर आणते आणि वाळताना ते वर सोडून जाते. लाद्यांखाली न धुतलेली खाडीची वाळू असेल तर क्षार जास्तच. इथे ब्लीचचा काही उपयोग नाही, त्यामुळे ती चिंता सोडा. पाण्याने पुसलंत की क्षार विरघळून परत सांध्यात जातात. म्हणून कोरड्या दिवशी सुक्या ब्रशने झाडा, भुकटी सुपलीत भरून बाहेर टाका आणि शेवटी घट्ट पिळलेलं फडकं एकदाच फिरवा.

खरं काम बाहेर आहे. पागोळ्यांचं पाणी जोत्यालगत पडत असेल तर पन्हळ लावून ते लांब सोडा. घराभोवतीची माती जोत्यापर्यंत चढली असेल तर उतरवा. ओल थांबेपर्यंत सांध्यांवर सीलर, म्हणजे सांध्यात पाणी मुरू नये म्हणून लावायचं द्रव, लावू नका. क्षार त्याच्याखाली साचून पापुद्रा उचलून टाकतात.

बाकीच्या खोल्यांत बुरशीसाठी काही हवं असेल तर कपड्यांसाठी मिळणारं ऑक्सिजन ब्लीच घ्या. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, पंधरा-वीस मिनिटं. त्यातून शेवटी सोडा, पाणी आणि ऑक्सिजन उरतो, त्यामुळे टँकमधल्या जिवाणूंना क्लोरीनइतका त्रास होत नाही. लागेल तेवढंच कालवा. उरलेलं बाटलीत बंद केलंत तर वायूने बाटली फुटते.

प्रश्न (गुहागर): सांध्यांना सीलर लावावा का, आणि कधी?

उत्तर: सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटांत मुरून सांधा गडद झाला तर सीलर हवा. थेंब तसाच उभा राहिला तर नको. इपॉक्सीला कधीच नको. आत मुरणारा सीलर घ्या, वर चकचकीत थर देणारा नको, तो ओल्या न्हाणीघरात सोलवटतो. सांधा स्वच्छ धुऊन दोन-तीन दिवस पूर्ण वाळलेला हवा, म्हणून आपल्याकडे हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच करावं. बारीक ब्रशने फक्त सांध्यावर लावा आणि टाइलवर गेलेलं दहा मिनिटांच्या आत सुक्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे धुरकट पट्टा राहतो. एक दिवस पाणी लागू देऊ नका. दर वर्षी पाऊस यायच्या आधी थेंबाची परीक्षा पुन्हा घ्या.