रेणू 'डावा' किंवा 'उजवा' असतो म्हणजे काय?

तुमचा प्रश्न असा: ऐरोलीतल्या डॉक्टरांनी पूर्वी सिट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी १० मिलिग्रॅमची दिली होती, आता लेव्होसिट्रिझिन ५ दिली, निम्म्या औषधात भागेल का?

भागेल. कारण रेणूच्या आकारात आहे. कार्बनच्या एकाच अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले, की त्यांची मांडणी दोन तऱ्हांनी होते. अणू तेच, जोडणी तीच, पण एक रूप दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी उजवी होत नाही, तसंच हे. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे असे दोन प्रकारचे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले. एकाचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाचं (म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल उजवीकडे वळवत होतं, दुसऱ्याचं डावीकडे. मला तर हा रसायनशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो!

शरीरातली प्रथिनंही एकाच बाजूच्या घडणीची असतात, म्हणून त्यांना हा फरक कळतो. सिट्रिझिनमध्ये दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात आणि अ‍ॅलर्जीवर काम मुख्यतः एकच करतं. लेव्होसिट्रिझिनमध्ये फक्त तेच असतं.

नाकाने पडताळायचं असेल, तर वाशीच्या मसाला मार्केटमधून थोडा बाळंतशेपा आणा, बोटांनी चुरडा आणि शेजारी पुदिन्याचं पान चुरडून हुंगा. दोन्हींत कार्व्होन हाच रेणू आहे, फक्त एकमेकांचं प्रतिबिंब. वास मात्र अगदी निराळे.

आणि हो, 'पाचचीच आहे' म्हणून मनाने दोन गोळ्या घेऊ नका.