व्यावसायिक खेळाडूंना त्यांच्या गुन्ह्यांसाठी योग्य तुरुंगवास होतो का?

नेहमीच नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस घ्या. 2013 मध्ये त्याने प्रेयसीला गोळ्या घालून ठार केलं. 2014 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षं. अपिलात तो खून ठरला, तरी 2016 मध्ये शिक्षा फक्त सहा वर्षं! 2017 मध्ये वरच्या न्यायालयाने ती तेरा वर्षं पाच महिन्यांवर नेली, तेव्हा कुठे जरा पटलं. 2024 मध्ये तो पॅरोलवर सुटलाही.

उलट अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस. विनापरवाना पिस्तुलाने चुकून स्वतःच्याच मांडीत गोळी झाडली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे प्रसिद्धी दरवेळी वाचवत नाही. माझ्या मते खरा फरक पाडतो तो पैसा. महागडा वकील सामान्य आरोपीला कुठून परवडणार?