नदीकाठची जागा, लाकडी केबिन आणि परवाने: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (म्हापसा): ताई, सत्तरीत म्हादईच्या काठावर २००० चौरस मीटर जागा बघितलीय, वर कुळागर (माड-पोफळीची बाग), खाली नदी, बघताक्षणी आवडली. एजंट म्हणतो लाकडाची केबिन घाला, सिमेंटचं घर नाही म्हणजे लायसन लागत नाही, आणि टोकन या आठवड्यातच द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आम्ही नवराबायको दोघंच, सुट्टीला येऊन राहायचंय, बाकी काही नको. घेऊ का?

उत्तर: टोकन देऊ नका. जागा घ्यायची की नाही ते नंतर बघू, पण या आठवड्यात पैसे अजिबात द्यायचे नाहीत.

लाकडाला लायसन लागत नाही हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं, आणि ते साफ खोटं आहे. गोवा पंचायत राज कायदा १९९४, त्याच्या कलम ६६ खाली पंचायतीच्या परवान्याशिवाय इमारत बांधता येत नाही आणि इमारत कशाची आहे याने फरक पडत नाही, लाकूड असो, माती असो, पत्रा असो. कंटेनर आणून ठेवला तरी तेच. एजंटला कमिशन मिळालं की तो मोकळा, पंचायतीची नोटीस मात्र तुमच्या नावावर येणार.

आता तुमच्या २००० चौरस मीटरचा मुद्दा, मला सगळ्यात जास्त खटकला तो हाच. शेतजमिनीत फार्महाऊस बांधायचं तर निदान ४००० चौरस मीटर जागा लागते, आणि शेतजमिनीचे त्याहून लहान तुकडेही पाडता येत नाहीत. मग तुमचे २००० आले कुठून? बहुतेक वेळा असं असतं की मोठ्या सर्व्हे नंबरातला अविभक्त, म्हणजे न वाटलेला हिस्सा विकतात, कुंपण घालून दाखवतात, फोटोत प्लॉटसारखं दिसतं, पण भूमापन खात्याच्या नकाशावर त्या कुंपणाची रेषाच नसते. असा हिस्सा घेतलात तर बाकीच्या सहमालकांच्या सह्या घेत फिरावं लागेल आणि त्यातला एक जरी अडून बसला तरी सगळं अडलं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की २००० मीटरचा वेगळा सबडिव्हिजन नंबर आहे का, असेल तर नकाशा दाखवा.

दुसरा कागद एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची आणि पिकांची सरकारी नोंद. ऑनलाइन मिळतो, पण नुसतं मालकाचं नाव बघून बंद करू नका, पूर्ण वाचा. वर जमिनीचं क्षेत्र कसं मोडलंय ते असतं, जिरायत, बागायत, भात, खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली सखल शेती), केर (मधल्या उंचीची रेताड), मोरड (उंचावरची), मग पोटखराब. तुमच्या जागेत वर बागायत आणि नदीलगतचा पट्टा भात म्हणून नोंदलेला असेल तर तिथे वेगळाच कायदा लागतो, २०२३ चा, भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. त्याखाली कुळाचा रकाना. तिथे नाव असेल तर थांबा. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही, तो १९९१ चा कायदा आहे, आणि ‘कूळ आता शेती करत नाही’ म्हणून तो रद्द होत नाही. मग इतर हक्कांचा रकाना, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर, वाट, विहिरीचं पाणी, सगळं तिथे सापडतं. सत्तरीत आणखी एक गोष्ट, मोकासोच्या, म्हणजे जुन्या काळी इनाम दिलेल्या जमिनींचा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव भलत्याचं, असं तिथे गावोगाव आहे. जो माणूस तुम्हाला जागा दाखवतोय तो विकू शकतो का, हे वकिलाकडून जुन्या नोंदणीसकट तपासून घ्या, निदान मागची ३० वर्षं.

हे सगळं नीट निघालं तर मग नदी. खरं म्हणजे मी नदीच आधी बघायला सांगते, कारण तिला पैसे लागत नाहीत. जुलै २०२१ मध्ये म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरीत, डिचोलीत, धारबांदोड्यात घरं गेली, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं मुख्यमंत्र्यांनीच म्हटलं होतं. एप्रिलमध्ये गुडघाभर पाण्यात दगड दिसतात म्हणून माणूस फसतो. तुम्ही जागेवर जाल तेव्हा खाली नदीकडे नका बघू, झाडांकडे वर बघा. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत सुकलेलं गवत, प्लास्टिकच्या चिंध्या, काटक्यांचे पुंजके अडकलेले दिसतात, ती पाण्याची खूण. माडाच्या किंवा पोफळीच्या बुंध्यावर चिखलाची फिकट रेघ असते, किती उंच आहे ते खांद्याला लावून बघा. शेजारच्या कुळागरवाल्याला विचारा एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं, तो पायरी दाखवून सांगेल. केबिन त्या पायरीच्या वर बसत असेल तरच पुढचं बोलणं, आणि जुलैत एकदा तरी जाऊन या, विकणारा थांबायला तयार नसला तरी.

सत्तरीतली बरीच गावं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. केंद्राच्या जुलै २०२४ च्या मसुद्यात गोव्यातली १०८ गावं होती, त्यात सगळ्यात जास्त सत्तरीतली. राज्याने काही वगळायला सांगितलंय. मसुदा म्हणजे अंतिम नव्हे आणि साधं घर बांधायला त्याने बंदी येते असंही नाही, पण तुमचा गाव त्यात आहे का ते माहीत असावं. वनखात्याकडे खासगी वन म्हणून नोंद आहे का तेही विचारा.

कागदांचा क्रम कसा ते विचारलं नाहीत पण सांगते, कारण लोक उलटं करतात, आधी घर मग परवाना. नगरनियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट, हे टोकनच्याही आधी घ्यायचं, खर्च थोडा आणि कोणालाही मागता येतं. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तुमची जागा सेटलमेंट (वस्तीची) आहे, ऑर्चर्ड (बागायतीची) आहे की नैसर्गिक आच्छादन, ते त्यात लेखी येतं. सेटलमेंट असेल तर सनद, म्हणजे रूपांतराची परवानगी, जिल्हाधिकाऱ्यांकडून. ऑर्चर्ड असेल तर फार्महाऊसचा मार्ग, त्यात कृषी खातंही येतं. मग नगरनियोजनची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राची एनओसी, आणि शेवटी पंचायतीचं लायसन. बांधून झाल्यावर ऑक्युपन्सी, म्हणजे राहायच्या परवानगीचा दाखला, ती मिळेपर्यंत लाइटचं कायमचं कनेक्शन विसरा. एजंट म्हणेल ‘झोन बदलून देतो’. त्याला सांगा, आधी बदलून आण मग व्यवहार. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालून झोन बदलायचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, झोन बदलायच्याच कलम ३९ए वरूनही कोर्टात वाद झालेत, आणि अशा कागदावर आयुष्याची पुंजी लावायची का हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

प्रश्न (पर्वरी): शापोरा नदीच्या काठाला खाजनाच्या बांधावर लागून जागा मिळतेय, स्वस्त. खांबांवर उचललेली लाकडी केबिन, जमिनीला हातच लागणार नाही. सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आता ५० मीटरच आहे ना?

उत्तर: स्वस्त का आहे ते तुमच्याच पत्रात आहे. खाजन.

५० मीटरचं आधी. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत भरतीच्या नद्यांना ५० मीटर किंवा नदीची रुंदी, यातलं जे कमी ते, असं आहे खरं. पण ती सवलत राज्याचा त्या अधिसूचनेनुसारचा किनारी आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते. गोव्याचा जो आराखडा सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला तो २०११ च्या अधिसूचनेवरचा, म्हणजे १०० मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी ते. आज कुठला नकाशा चालू आहे ते गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी विचारा, एजंटला नको. मोजणी भरतीच्या कमाल रेषेपासून होते, ओहोटीला दिसणाऱ्या पाण्यापासून नाही, हे बरेच जण चुकतात. आणि समुद्र दूर आहे म्हणून सुटलो असंही नाही, ऐन कोरड्या महिन्यात पाण्यात हजारी ५ भाग खारटपणा जिथपर्यंत सापडतो तिथपर्यंत नदी सीआरझेडमध्ये. काठाला खारफुटी दिसली की समजून जा.

पण तुमच्या बाबतीत ५० काय नि १०० काय, खाजनात बांधकाम नाहीच. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात खाजन जमिनींना संरक्षण दिलंय, आणि खांबांवर उचलून ते चुकत नाही. आणि मला हे कायद्यापलीकडेही सांगावंसं वाटतं. खाजन म्हणजे पडीक चिखल नव्हे हो, बांध आणि मानस (पाणी आतबाहेर करायचं दार) यांच्यावर चालणारी ती व्यवस्था आहे, भरतीला मानशीची दारं बंद होतात, ओहोटीला उघडतात, त्यावर मागच्या सगळ्या शेतांचं भात आणि मासे अवलंबून. बांधावर एक केबिन उभी राहिली की तिथे गाडी यायला रस्ता हवा, रस्त्याला भराव हवा, आणि पाण्याची वाट अडली की मागच्या वाड्यावर पाणी चढतं. सखल जमिनीत भराव घालायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ए खाली परवानगी लागते, ती मिळेल असं धरून चालू नका. ही जागा सोडा, मनापासून सांगते. नदी बघायची हौस असेल तर वरच्या मोरडीवर सेटलमेंटमधली जागा शोधा, नदी तिथूनही दिसते.

प्रश्न (काणकोण): तळपण नदीजवळ मिस्टरांच्या आजोबांची जागा आहे. दिरांनी त्यांचा हिस्सा आम्हाला द्यायचं कबूल केलंय, जाऊबाईंची सही लागते का? जमीन तर दिरांच्या घराण्याची.

उत्तर: लागते. गोव्यात लग्नानंतर, वेगळा करार केलेला नसला तर, मालमत्ता दोघांची सामाईक, वारशाने आलेली सुद्धा. त्यामुळे जाऊबाई विक्रीपत्रावर हव्यातच, आणि आजोबांच्या लेकी, त्यांचे नवरे, मुंबईला गेलेले, परदेशात असलेले, सगळे वारस. आधी वारसाहक्काचा दस्त किंवा इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (कोर्टातून वारसांमधली वाटणी) झालीय का बघा, झाली नसेल तर तीच पहिली. एका आत्याचं नाव राहिलं म्हणून पुढे खोळंबलेले व्यवहार मी खूप पाहिलेत, आणि नाती तुटतात ते वेगळंच. दिरांशी गोड आहे तोवर सगळ्यांना एकत्र बसवून करून घ्या. तुमची जागा नदीच्या रेषेत येत असेल तर वर पर्वरीच्या उत्तरात लिहिलंय ते तुम्हालाही लागू, मात्र जुनं घर आणि त्याचा घर नंबर असेल तर घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवा, जुनं अधिकृत घर त्याच जागी दुरुस्त करायला किंवा पुन्हा बांधायला सीआरझेडमध्येही वाट आहे, नव्या केबिनला नाही.

प्रश्न (सांगे): जागा घेतली, सनद झाली. नदी ३० मीटरवर आहे, तर पंप लावून पाणी घ्यायचं की बोअरवेल? आणि केबिनच्या जागेत दोन फणस येतात.

उत्तर: दोन्हीला परवानगी लागते. बोअरवेल आणि विहीर २००२ च्या भूजल कायद्याखाली, अर्ज जलस्रोत खात्याकडे, आणि नदीतून पंप लावायचा तरी त्याच खात्याला विचारायचं. बोअरवेलवाला ‘कागद नंतर बघू’ म्हणाला तर दुसरा बोअरवेलवाला शोधा. फणस तोडायला वृक्ष संरक्षण कायदा १९८४ प्रमाणे वनखात्याची परवानगी. पण मी म्हणेन फणस ठेवा आणि केबिन चार मीटर सरकवा. प्लॅन अजून मंजुरीला गेला नसेल तर इंजिनिअरला आजच फोन करा, एकदा तांत्रिक मंजुरी झाली की जागा हलवायला पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागतं.