युरोपात दूरसंचार उपकरणासाठी प्रत्येक देशाची वेगळी मंजुरी लागते का?

सर्वसाधारणपणे लागत नाही. एकेकाळी प्रत्येक देशाच्या दूरसंचार प्रशासनाकडून उपकरणाला स्वतंत्र मान्यता घ्यावी लागे; 1999 च्या युरोपीय संघाच्या निर्देशाने (सदस्य देशांना बंधनकारक नियमाने), जो एप्रिल 2000 पासून लागू झाला, ती पद्धत मोडीत काढून अनुरूपतेची, म्हणजे उपकरण नियमांत बसते हे पाहण्याची, जबाबदारी उत्पादकावरच टाकली. आज रेडिओ उपकरणांना, म्हणजे मोबाइल बेस स्टेशनलाही, 2014/53 हा निर्देश लागू आहे. केवळ तारेवर चालणारे राउटर किंवा स्विच मात्र त्यात येत नाहीत. त्यांना विद्युतचुंबकीय सुसंगततेचा (इतर उपकरणांत व्यत्यय न आणण्याचा व त्यांच्या व्यत्ययात चालण्याचा) 2014/30 आणि विद्युतदाब मर्यादेत बसल्यास सुरक्षिततेचा 2014/35 निर्देश पाहावा लागतो. हा फरक अनेकांच्या नजरेतून निसटतो.

उत्पादकाने चाचण्या करून तांत्रिक कागदपत्रे तयार करायची, अनुरूपतेची घोषणा करायची आणि सीई चिन्ह, म्हणजे उपकरण युरोपीय नियमांत बसते असे सांगणारी खूण, लावायचे. ही कागदपत्रे 10 वर्षे जपावी लागतात. रेडिओ वर्णपटाच्या (रेडिओ लहरींच्या वारंवारतांच्या) वापराबाबत सुसंवादी, म्हणजे संपूर्ण संघासाठी समान, मानके पूर्णपणे पाळलेली नसतील, तर अधिसूचित संस्थेकडे (तपासणीसाठी अधिकृतपणे नेमलेल्या स्वतंत्र संस्थेकडे) जावेच लागते.

तरीही सीई चिन्ह म्हणजे दूरसंचार जाळ्यात उपकरण बसवण्याचा परवाना नव्हे. वर्णपटाचे परवाने प्रत्येक देश स्वतः देतो आणि राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णयही त्याच्याच हाती असतो: फ्रान्समध्ये 2019 च्या कायद्यानुसार ठरावीक 5जी उपकरणांसाठी मोबाइल सेवा कंपनीला पंतप्रधानांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, तर स्वीडनच्या नियामकाने 2020 मध्ये 5जी वर्णपटाच्या लिलावाच्या अटींतच ह्वावे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांची उपकरणे नाकारली. माझ्या मते खरी अनिश्चितता प्रयोगशाळेतील चाचण्यांपेक्षा या टप्प्यावरच अधिक आहे.