मोठ्या संयुक्त संख्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘भाग जात नाही, म्हणजे संख्या मूळ असणार’ अशा आशयाची पत्रे सातत्याने येत असल्याने त्यांतील काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (पंचवटी): माझ्या मुलाने ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६०० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले. एकीनेही निःशेष भाग गेला नाही. ती मूळ मानावी का?

उत्तर: मानू नये. भागाकार करूनच ठरवायचे असेल, तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे येथे ६५,५३६ पर्यंत, जावे लागते. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फेर्मा यांना ती मूळ वाटत होती. पुढे गणितज्ञ ऑयलर यांनी १७३२ मध्ये ती ६४१ × ६७,००,४१७ असल्याचे दाखवले. ६४१ हे ५ × १२८ + १ असेही लिहिता येते आणि ६२५ + १६ असेही; एवढ्यावरूनच, प्रत्यक्ष भागाकार न करता, भाग जातो हे सिद्ध होते. ती सिद्धता मुलाला स्वतः मांडू द्यावी आणि मग शिक्षकांकडून तपासून घ्यावी.

प्रश्न (देवळाली): आपल्या गणितज्ञ कापरेकरांची ६१७४ ही संख्या मूळ आहे का?

उत्तर: नाही, ती सम आहे, आणि तिचे अवयव २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ असे आहेत.

प्रश्न (सातपूर): २ चा १२७७ वा घात वजा १ या संख्येचा एकही अवयव सापडलेला नाही, तरी ती संयुक्त आहे असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

उत्तर: ऐकलेले या वेळी खरे आहे. ही संख्या ३८५ अंकी आहे. अवयव सापडणे आणि संख्या संयुक्त ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ हेच बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे. कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी, २ चा तिच्याहून एकने कमी घात घेऊन त्याला तिनेच भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. आता ९१ घ्या. २ चा १२ वा घात ४,०९६. त्याला ९१ ने भागल्यास बाकी १, म्हणून ८४ व्या घाताचीही बाकी १, आणि ९० व्या घाताची बाकी ६४. बाकी १ आली नाही, तेव्हा ७ आणि १३ यांचे नावही न घेता ९१ संयुक्त ठरली. याउलट बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही: ३४१ ही ११ × ३१ असूनही या कसोटीतून सुटते. २ चा घात वजा १ अशा रूपाच्या, आणि घातांक मूळ संख्या असलेल्या, सर्वच संख्या (तुमची १२७७ वाली संख्याही) तिच्यातून सुटतात, म्हणून त्यांना खास याच रूपासाठीची लुकास-लेहमर कसोटी लावावी लागते. लुकास यांनी १८७६ मध्ये २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. तिचे अवयव, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, कोल यांनी १९०३ मध्ये दिले. मोबाइलवरील एखादे अ‍ॅप संख्येला ‘मूळ’ म्हणत असेल, तर त्याने कोणती कसोटी लावली हे विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नये, आणि निष्कर्ष महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकांना दाखवावा.

प्रश्न (कॉलेज रोड): एका क्लासमध्ये कोणत्याही संख्येचे अवयव काही सेकंदांत काढण्याची युक्ती शिकवतात. फी भरावी का?

उत्तर: भरू नये. प्रात्यक्षिकातली संख्या बहुधा त्यांनीच निवडलेली असते. ८,६३३ ही ९३ चा वर्ग वजा ४ चा वर्ग आहे, म्हणून ८९ × ९७ हे अवयव लगेच मिळतात. अवयव एकमेकांपासून दूर असले की ही युक्ती निरुपयोगी ठरते. अवयव शोधण्याचे आव्हान म्हणून जाहीर केलेल्या २५० अंकी आरएसए-२५० या संख्येचे अवयव २०२० मध्ये मिळाले, तेही असंख्य संगणक राबवून. त्याच आव्हानातील ६१७ अंकी, म्हणजे २०४८ बिटांची, आरएसए-२०४८ अजून अभेद्य आहे. तुमच्या हातची संख्या त्यांच्यासमोर ठेवून पाहावी.

प्रश्न (नाशिकरोड): आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये १०२४ बिटांची आरएसए किल्ली आहे. पुढील वर्षी बदलली तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. त्या किल्लीची सुरक्षितता एका सुमारे ३०९ अंकी संयुक्त संख्येचे अवयव न सापडण्यावर अवलंबून आहे, आणि एवढी लांबी आता पुरेशी मानली जात नाही. किमान २०४८ बिट हवेत. सभासदांच्या ठेवींचा प्रश्न असल्याने वार्षिक सभेची वाट न पाहता याच आठवड्यात माहिती-सुरक्षेच्या पात्र लेखापरीक्षकाचा लेखी सल्ला घ्यावा.