उताणा हात, पालथा हात

प्रश्न : पडल्यामुळे आईचे मनगट मोडले होते. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. फिजिओथेरपीच्या कागदावर ‘सुपिनेशन ४०, प्रोनेशन ७०’ असे लिहिले आहे. याचा अर्थ काय? घरी काय करून घ्यावे?

उत्तर : तळहात उताणा करणे म्हणजे सुपिनेशन, पालथा करणे म्हणजे प्रोनेशन. तीर्थ घेताना हात उताणा असतो, भाकरी थापताना पालथा. आकडे अंशांचे आहेत आणि अंगठा वर असलेल्या मधल्या स्थितीपासून मोजलेले. निरोगी हात दोन्हीकडे साधारण ८० अंश वळतो. म्हणजे आईंचा हात पालथा छान होतो, उताणा मात्र निम्माच. रोजच्या बहुतेक कामांना दोन्ही बाजूंनी ५० अंश पुरतात, तेव्हा पहिले लक्ष्य तेच ठेवा.

हे वळणे मनगटाच्या मुख्य सांध्यात होत नाही. कोपराखाली दोन हाडे असतात. करंगळीकडची अल्ना जवळपास स्थिर राहते, अंगठ्याकडची रेडियस तिच्याभोवती फिरते. हात उताणा असताना दोन्ही समांतर, पालथा असताना रेडियस अल्नावर तिरकी. पडल्यावर मनगटाशी मोडते ती बहुधा रेडियस, आणि अल्नाशी तिचा खालचा सांधाही तिथेच असतो. म्हणून वळणे आखडते.

डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितल्यावरच हा व्यायाम करा. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा, मध्ये टॉवेलची घडी धरा. मुठीत पेन्सिल उभी धरून हात बाहेरच्या बाजूला वळवत उताणा करा. अडेल तिथे दुसऱ्या हाताने हलका दाब देऊन १५ सेकंद थांबा. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. दाब मनगटाच्या वर, म्हणजे कोपराच्या बाजूला, हाडांवर द्यावा. तळहात धरून पिळला तर मनगटच मुरगळते आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. टॉवेल खाली पडला, तर खांदा फसवतो आहे असे समजा. कोपर सरळ ठेवून केले तरी खांदाच फिरतो. सूज वाढली किंवा बोटे बधिर झाली, तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कोपर सरळ करणे हे ‘प्रसरण’, मग त्या वेळी स्नायूचे ‘आकुंचन’ कसे?

उत्तर : पुस्तकांत एकच शब्द दोन अर्थांनी येतो. सांधा वाकणे हेही आकुंचन, स्नायू आवळणे हेही. जड वस्तू डोक्यावर उचलताना कोपराचे प्रसरण होते आणि ते दंडामागचा ट्रायसेप्स आवळल्यामुळेच. सांध्यासाठी ‘वाकणे–सरळ होणे’ म्हणावे, गोंधळ राहत नाही.