जपानी पोरं युरोपात जातात, मग माझा मुलगा का नाही?

प्रश्न : मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे, अकरावी कॉमर्सला. पेठेतल्या एका तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळतो आणि चांगला खेळतो, असं सगळेच म्हणतात. ओळखीतून एक एजंट भेटले. स्पेनमधल्या अकादमीत दहा महिने, खर्च २२ लाख, ‘तिथून क्लब उचलतात’ म्हणाले. मिस्टरांचं शिरोलीला छोटं मशीन शॉप आहे. एवढे पैसे उभे करायचे तर प्लॉट विकावा लागेल. मुलगा रोज रात्री मितोमा आणि कुबोचे व्हिडिओ दाखवतो. म्हणतो, ही जपानी पोरं अंगानं आपल्यासारखीच, ती जातात, मग मी का नाही? काय करावं? — एक आई, कोल्हापूर

नमस्कार ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. प्लॉट विकू नका. निदान या कामासाठी तरी नको.

तुमच्या मुलाचा प्रश्न मात्र मला आवडला. (मितोमा अंगानं लहान नाही, पाच फूट दहा इंच आहे, हे त्याला सांगा. पण मुद्दा समजला.) जपानी पोरं जातात हे खरंच. कतारच्या २०२२च्या विश्वचषकात जपाननं जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं, तेव्हा त्या संघातले बहुतेक खेळाडू युरोपातल्या क्लबांत रोजचं काम करणारे होते. पण ते तिथे पोचले कसे, हे त्या व्हिडिओंत दिसत नाही.

कुबोचंच घ्या. तो दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. तुमचा मुलगा हेच सांगत असणार. पुढचं तो सांगत नसेल. अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलांच्या नोंदणीबाबत फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम मोडला म्हणून बार्सिलोनावर कारवाई झाली. कुबोला अधिकृत सामने खेळता येईनात आणि २०१५मध्ये तो जपानला परतला. नंतर एफसी टोकियोकडून खेळला. जून २०१९मध्ये अठरा पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात रेआल माद्रिदनं त्याला घेतलं. तरीही पहिल्या संघात जागा नव्हतीच. मायोर्का, व्हियारेआल, खेताफे अशा क्लबांत उसना फिरत राहिला आणि २०२२मध्ये रेआल सोसिएदादला जाऊन स्थिरावला.

तो नियम अजून आहे. अठरा पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद थोडे आहेत : आईवडीलच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, युरोपीय संघातल्या देशांत सोळा ते अठराची मुलं असतील, सीमेलगत घर असेल, असे. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काहीच तुम्हाला लागू होताना दिसत नाही. म्हणून एजंटना एकच प्रश्न विचारा, तोही लेखी : माझ्या मुलाची नोंदणी कोणत्या क्लबकडे, कोणत्या लीगमध्ये आणि फिफाच्या कोणत्या अपवादाखाली होणार? शिवाय फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी असते, तिच्यात यांचं नाव आहे का ते बघा. अशा सगळ्याच अकादमी फसव्या असतात असं नाही. काही ठिकाणी सराव उत्तम होतो. पण क्लब ज्याच्यासाठी पैसे मोजतो तो खेळाडू, जो स्वतः मोजतो तो गिऱ्हाईक. जपानच्या शिंजी कागावाला २०१०मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबनं नेलं ते साधारण साडेतीन लाख युरो मोजून. युरोपच्या हिशेबात चिल्लर, पण मोजले क्लबनं. तो तेव्हा २१ वर्षांचा होता आणि पुढची दोन्ही वर्षं डॉर्टमुंड जर्मनीचा विजेता ठरला.

जपानी खेळाडू घरी तयार होऊन जातात. पहिला गेला यासुहिको ओकुदेरा, १९७७मध्ये, जर्मनीतल्या कोलोनला. वय २५, फुरुकावा इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला आणि कंपनीच्याच संघातून खेळणारा. त्याच मोसमात कोलोननं लीग आणि कप दोन्ही जिंकले. जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली १९९३मध्ये, दहा क्लबांनिशी. आज तीन विभागांत साठ आहेत. पोरगा आधी तिथे दोन-तीन मोसम खेळतो, मग बेल्जियम किंवा नेदरलँड्ससारख्या ठिकाणी जातो, मग पुढे. बेल्जियममध्ये सिंट-ट्रुइडन म्हणून सफरचंद-नासपतीच्या बागांचं छोटं गाव आहे. तिथला क्लब २०१७मध्ये एका जपानी कंपनीनं घेतला. एंदो, तोमियासू, कामादा तिघेही या पायरीवरून वर गेले. एंदो लिव्हरपूलला पोचला तेव्हा तीस वर्षांचा होता.

आता मितोमा. याची गोष्ट मुलाला सावकाश सांगा. अठराव्या वर्षी कावासाकी फ्रोंताले हा जपानी क्लब त्याला वरच्या संघात घ्यायला तयार होता. तो नाही म्हणाला आणि त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला. तिथे त्यानं प्रबंध लिहिला तो ड्रिब्लिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवण्यावर. खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे बांधले आणि चेंडू पायाशी येताना ते नेमकं कुठे बघतात हे तपासलं. पदवीनंतर २०२०मध्ये कावासाकी, २०२१मध्ये इंग्लंडमधला ब्रायटन क्लब. इंग्लंडचं वर्क परमिट मिळेना म्हणून एक वर्ष बेल्जियमला. ब्रायटनकडून पहिला सामना खेळला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तुमचा मुलगा रोज रात्री बघतो ते ड्रिब्लिंग अभ्यासातून आलेलं आहे. त्यामुळे ‘बारावीचं नंतर बघू’ हे वाक्य तुमच्या घरातून हद्दपार करा.

मैदानाबाहेरचं तर आणखी अवघड. एजी कावाशिमा गोलरक्षक. गोलरक्षकाचं निम्मं काम ओरडण्याचं असतं : डावीकडे बघ, पुढे सरक, माणूस सोडू नको. ते ओरडणार कोणत्या भाषेत? हा गडी बेल्जियम, स्कॉटलंड, फ्रान्समध्ये खेळला आणि त्यासाठी भाषांमागून भाषा शिकला. हिदेतोशी नाकाता १९९८मध्ये इटलीत पेरुजाला गेला तो आधीपासून इटालियनचा अभ्यास करून. पदार्पणातच युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले, ते लोकांना आठवतात. माकोतो हासेबे २००८च्या जानेवारीत जर्मनीत गेला आणि चाळिशीपर्यंत तिथेच खेळला. मुलाखती जर्मनमध्ये द्यायचा. सांगतील त्या जागी उभा राहायचा. २०११मध्ये गोलरक्षकाला लाल कार्ड मिळालं आणि बदली खेळाडू संपले होते, तर हा ग्लोव्ह्ज घालून गोलात गेला!

आणि जपानी मुलांचीही सवय आपल्यासारखीच : सिनियरपुढे बोलायचं नाही, मागायचं नाही. युरोपात चेंडू मागितला नाही तर मिळत नाही. त्यात मोसमाचा घोळ. जपानची लीग वसंतात सुरू होऊन डिसेंबरला संपायची, युरोपची ऑगस्ट ते मे. म्हणजे जानेवारीत जाणारा विश्रांती न घेताच ऐन थंडीत, चालू मोसमात उतरायचा. आता २०२६-२७पासून जपाननं आपलं वेळापत्रकच युरोपशी जुळवायचं ठरवलं आहे. एका पोराला परदेशी पाठवायला अख्खा देश कॅलेंडर बदलतो, तिथे आपण एका एजंटच्या भरवशावर!

लवकर गेलेल्यांचंही सांगायला हवं. ताकाशी उसामी १९व्या वर्षी जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला गेला आणि लीगचे तीन सामने खेळला. दोन वर्षांनी परतला आणि २०१४मध्ये त्याच्या गांबा ओसाकानं जपानमधल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. परत येणं म्हणजे नाक कापलं असं तिथे कुणी धरलं नाही. र्‍यो मियाइची शाळेतून थेट आर्सेनलला गेला, वेग असा की बघत राहावं, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

आपल्याकडे जपानसारखी शिडी नाही, हे मी लपवणार नाही. तरी कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०१९मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला जाऊन आला. त्याचा क्रम बघा, आधी देशाचा संघ, मग इंग्लंड. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. जपानमध्ये जन्मलेला इझुमी अराता पुणे एफसीकडून खेळला, जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि भारताकडून खेळला.

तर पुढची दीड वर्षं अशी. त्याला तालमीच्या सामन्यांबरोबर आयएसएलसारख्या (इंडियन सुपर लीग) देशपातळीच्या लीगमधल्या एखाद्या क्लबच्या युवा संघाच्या चाचणीला न्या, पहिल्या वेळी नापास झाला तरी. शाहू स्टेडियमवर पेठेची पोरं नाव घेऊन ओरडतात, तिथे चांगलं खेळणं वेगळं आणि कुणी ओळखत नाही अशा मैदानावर चाळीस मुलांत वीस मिनिटं मिळणं वेगळं. पूर्ण सामन्यांचं चित्रण ठेवा, नुसत्या गोलांचं नको. इंग्रजी इतकं यायला हवं की गुडघा नेमका कुठे आणि कधीपासून दुखतोय ते फिजिओला सांगता येईल. आणि भात, आमटी, अंडी एवढं तरी स्वतः करायला शिकू दे. कोलोनजवळच्या ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी दुकानांचा अख्खा रस्ता आहे. आपल्या पोराला कुठे काय मिळेल, सांगता येत नाही.

सविस्तर बोलायचं असेल तर दिवाळीनंतर त्याला पुण्याला पाठवा. एकट्यालाच, एसटीनं. स्वारगेटला उतरल्यावर आईला फोन न करता, पत्ता विचारत माझ्या ऑफिसपर्यंत येऊ दे. एजंटचं लेखी उत्तर आलं असेल, तर ते त्याच्याच पिशवीत द्या.